तहानीची तिसरी गृहभेट

जॉर्डनमधल्या करकच्या समाजसेवा केंद्रात माणसं अभ्यासामुळे नापास होत नसत, पाहुणचारामुळे होत. नियमावलीतला सातवा नियम असा, की ज्याच्या घरी मदतीसाठी जाल त्याच्या घरचं काहीही तोंडात घालायचं नाही. घोटभर पाणीसुद्धा नाही. ही नियमावली म्हणे कुठल्या तरी थंड देशातून आली होती. तिथे दार वाजवलं की लोक उंबऱ्यातूनच विचारतात, काय काम आहे. आपल्याकडे असं विचारणं म्हणजे आलेल्या माणसाला हाकलणंच की! पण नियमावली छापील होती, तिला निळा पुठ्ठा होता, आणि केंद्राचे परीक्षक डॉक्टर रिफअत तिच्यावर स्वतःच्या बायकोपेक्षा जास्त विश्वास ठेवायचे.

एका मुलाने गृहभेटीत बोलता बोलता सूर्यफुलाच्या बिया सोलल्या, तो गेला. एका मुलीच्या तोंडात त्या घरच्या म्हातारीने बळंच खजूर कोंबला. पोरगी बिचारी गयावया करत म्हणाली, सर, मी गिळला नाही, गालात धरून ठेवलाय. डॉक्टर रिफअतनी बॅटरी काढून तिचा गाल तपासला. गाल रिकामा निघाला.

तहानी आत्तापर्यंत दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा ती चहा प्यायली. सवयीने प्यायली हो, दुसरं काय! दुसऱ्या वेळी तिने चहाला असा काही खणखणीत नकार दिला, की घरची बाई रडायला लागली, "आमच्या घरचा चहा तुला विटाळ वाटतो का गं?" म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याने तहानी आणि परीक्षक दोघांना बाहेर काढलं. त्या वेळी शेरा मिळाला, 'संबंध जोडता येत नाही'. तिसरी संधी शेवटची. मग नाव कायमचं कटणार.

आणि तहानीला पास व्हायचंच होतं. चाळिशीची बाई, नवऱ्याने सोडलेली, भावाच्या घरी धान्याच्या खोलीत झोपायची. भावजय तिला बोलायची नाही, पण दिवसातून दहादा पीठ काढायला त्या खोलीत यायची, आणि कधी दार वाजवून यायची नाही. केंद्रात पास होणाऱ्या बाईला नोकरी मिळायची आणि मागच्या इमारतीत एक खोली. तहानी ती खोली चोरून बघून आली होती. खोली अंधारी, भिंतीला ओल, पण दाराला आतून कडी होती. ती कडी तिने दोनदा लावून काढून पाहिली आणि बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडली.

तिसऱ्या परीक्षेच्या आधी वर्गातल्या सगळ्यांनी डोकी एकत्र आणून तिच्यासाठी तोड काढली. सुचलं अम्मानहून आलेल्या एका चुणचुणीत मुलीला. ती म्हणाली, "अगं, घे की कप हातात! हसून घे, आणि समोर ठेवून दे. नाही म्हणायचं नाही, प्यायचं पण नाही. संबंधही जुळला, नियमही राहिला." सगळा वर्ग वाहवा करत उठला. त्यात निम्मे लोक करकचे होते, आजोबा-पणजोबांपासूनचे, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. परीक्षा जवळ आली की माणसाचं डोकं असंच चालतं. चालतं म्हणजे बंदच पडतं.

तर अशा रीतीने तहानी हाजी खलफच्या घरी पोहोचली.

हाजी खलफ गावाच्या टोकाला एकटा राहायचा. बायको गेलेली. सकाळ-संध्याकाळ पाव चहात बुडवून खायचा आणि केंद्राकडून रोज येणारा जेवणाचा डबा तसाच परत पाठवायचा. मी भिकारी नाही, म्हणायचा. त्याला डबा घ्यायला राजी करणं, ही तहानीची परीक्षा होती. डॉक्टर रिफअत सोबत होते, काळा सूट, टाय, हातात गुणपत्रिका अडकवलेली पाटी. परीक्षा चालू असताना त्यांनी बोलायचं नाही आणि त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हाही नियमच. ते ओसरीत तहानीच्या किंचित मागे, भिंतीला टेकून बसले आणि दगडासारखे गप्प झाले.

हाजीने दोघांना बघितलं, विचारपूस केली नाही, आत गेला, कॉफी घेऊन आला. वेलचीची कडू कॉफी, छोट्या बिनकानाच्या कपात, म्हणजे फिंजानात, तळाशी घोटभर. आधी सूटवाल्याला दिली, मग तहानीला. तहानी हसली. फिंजान घेतला. आणि हळूच समोर जमिनीवर ठेवून दिला. मागे डॉक्टर रिफअतनीही, नियमाप्रमाणेच, आपला फिंजान गादीशेजारी ठेवला.

हाजीचा हात किटलीवर थांबला.

आता जो माणूस या भागात वाढला त्याला पुढचं सांगायची गरज नाही, पण सांगतो. कोणाच्या घरी काही मोठं मागायला जायचं असलं, मुलीचा हात म्हणा, झालेल्या खुनाची माफी म्हणा, तर प्रतिष्ठित माणसं मिळून जातात. त्याला जाहा म्हणतात. यजमान कॉफी देतो. जाहाचा मुख्य माणूस फिंजान समोर ठेवतो आणि पीत नाही. यजमान म्हणतो, प्या, जे मागायला आलात ते दिलं. मगच कॉफी ओठाला लागते. न पिताच पाहुणे उठून गेले, तर त्या घराची अब्रू गेली. तहानीला हे ठाऊक नव्हतं असं नाही, भावाच्या लग्नात तिने आतल्या खोलीतून ऐकलं होतं. पण जाहा म्हणजे लांब झगे घातलेले पन्नास पुरुष आणि गाड्यांची रांग. प्लास्टिकची पिशवी घेतलेली एक बाई आणि एक टायवाला, याला कोण जाहा म्हणेल?

हाजी म्हणाला. पाठ ताठ करून, घसा खाकरून म्हणाला, "प्या. मागाल ते दिलं."

"मला काही मागायचं नाही हाजी," तहानी गोड आवाजात म्हणाली. "मी फक्त तुमचं ऐकायला आलेय."

बाहेर कुंपणावरून शेजारची उम्म राकान डोकावत होती. तिने फिंजानांकडे पाहिलं, सूटकडे पाहिलं, आणि चप्पल हातात घेऊन पळाली. थोड्या वेळाने अंगणात खुर्च्या यायला लागल्या.

"मोठ्या घरची माणसं दिसतात," खुर्चीवर टेकत उम्म राकानचा नवरा, अबू राकान, शेजाऱ्याच्या कानात म्हणाला. कुजबुज म्हणून म्हणाला, पण त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे सगळ्या अंगणाने ऐकलं. "मागतसुद्धा नाहीत! खानदानी माणूस तोंडाने मागत नाही."

"आणि तो मागचा? एक शब्द नाही बोलला अजून!"

"तोच मोठा असणार. मोठा माणूस शेवटीच बोलतो."

हाजी खलफला घाम फुटला होता. मागणं काय आहे ते पाहुणे सांगत नाहीत, म्हणजे त्याने ओळखायचं. "विहिरीकडची जमीन हवी असेल," तो चाचपडत म्हणाला, "तर जमीन दिली. प्या."

केंद्रात तहानीला एक कौशल्य घोटून घोटून शिकवलं होतं. समोरचा जे बोलतो तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे त्याला वाटतं, माझं कोणी ऐकतंय. त्याला वेगळे गुण होते. तहानी पुढे झुकली, मान हलवली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला वाटतंय, मी जमिनीसाठी आलेय."

तिच्या सुरात जमीन एवढीशी झाली.

"जमिनीवर भागत नाही म्हणे!" अबू राकान म्हणाला.

"बकऱ्या," हाजी म्हणाला. "आहेत तेवढ्या सगळ्या."

"म्हणजे तुम्ही म्हणताय, सगळ्या बकऱ्या."

"आणि बोकड!"

"आणि बोकडही," तहानीने मायेने मान डोलावली. डब्याचा विषय काढायला वावच मिळत नव्हता, माणूस जमीनजुमला वाटत सुटला होता, आणि मागून पेनाचा करकर आवाज येत होता. ती म्हणाली, "हाजी, बकऱ्या राहू देत. तुमच्या जेवणाचं बोलू या का?"

"आधी पी, मग जेवण! बोकडच कापतो!"

"नको नको, मी पिणार नाही."

असं म्हणायला नको होतं. उम्म राकानने तोंडावर हात ठेवला. एका म्हाताऱ्याने डोकं धरलं. जमीन, बकऱ्या, बोकड, सगळं देऊनही पाहुणा प्यायला तयार नाही. असं या गावात कोणाच्या आठवणीत घडलं नव्हतं. "देऊन टाक रे खलफ, काय आहे ते देऊन टाक!" मागून कोणीतरी ओरडलं. "गावाची लाज जातेय!"

हाजी मात्र दोन्ही फिंजानांकडे बघत राहिला. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मग तू त्याच्यासाठी आलीयस."

तहानीला 'तो' कोण ते काही कळलं नाही. पण कौशल्य म्हणजे कौशल्य. "मी त्याच्यासाठी आलेय," ती म्हणाली.

अंगणात एकदम गलका झाला, आणि त्या गलक्यातच तहानीला सगळी कहाणी कळली, कारण प्रत्येकजण ती शेजारच्याला नव्याने सांगत होता. 'तो' म्हणजे मिशअल, हाजीचा एकुलता एक मुलगा. हाजी मक्केला गेला असताना या दिवट्याने बापाचा अख्खा कळप विकून ट्रक घेतला. बापाला खुश करायला म्हणून फुगे लावून तो ट्रक मेंढवाड्यात उभा केला! हाजी परत आला, मेंढ्यांना हाक मारली आणि ट्रकने हॉर्न वाजवला. त्या दिवशी हाजीने गावासमोर शपथ घेतली, की माणसं येऊन याच्यासाठी माझ्यापुढे फिंजान ठेवणार नाहीत, तोवर याने उंबरा ओलांडायचा नाही. मिशअल म्हणाला, मी कोणाला पाठवायचा नाही, बापाने बोलवावं. गाव म्हणालं, पोराने सांगितल्याशिवाय आम्ही कसे जाणार? झालं. वर्षं गेली. मिशअलची आई त्याच वर्षांत गेली, तेव्हा तो कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर ट्रकमध्ये बसून होता.

"दिलं," हाजी म्हणाला. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "सगळं माफ. अल्लाह साक्षी, हे सगळे साक्षी. आता पी पोरी."

तहानीने समोर बघितलं. घोटभर कॉफी. आत्तापर्यंत थंड झालेली, वर साय धरल्यासारखी. ही प्यायली तर कडीची खोली गेली, कायमची गेली. नाही प्यायली, तर या म्हाताऱ्याने गावासमोर केलेली माफी परत त्याच्या तोंडावर फेकल्यासारखी. तिने वळून डॉक्टर रिफअतकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पेन कागदावर टेकवून ते थांबले होते.

मरो ती खोली, ती मनात म्हणाली. पण खोली मरायला तिला नकोच होती. डोळ्यांसमोर भावजय पीठ काढायला आलेली दिसली, परातीचा आवाज ऐकू आला, आणि तिला फार वाईट वाटलं. मग तिने फिंजान उचलला आणि एका दमात रिकामा केला. इतकी कडू कॉफी तिने आयुष्यात प्यायली नव्हती. मागे पेन चाललं. करकर, करकर, आणि एक ठसठशीत पूर्णविराम.

बायका आनंदाची आरोळी द्यायला तोंडाशी हात नेणार, तेवढ्यात अबू राकान म्हणाला, "थांबा! हिचं काय धरता? त्या मोठ्या माणसाने कुठे प्यायलीय अजून?"

सगळ्या माना डॉक्टर रिफअतकडे वळल्या.

तहानीला वाटलं, आपण आता किंचाळणार. तिचं सर्वस्व गेलं होतं आणि ते जाऊनही पुरलं नव्हतं! "अहो, ते मोठे नाहीत," ती म्हणाली, "ते नुसते..." पण नुसते कोण, ते काय सांगणार? अंगणात एवढी माणसं, एकाच्याही चेहऱ्यावर ऐकून घ्यायची तयारी दिसेना. डॉक्टर रिफअत घामाघूम झाले होते. बोलायची बंदी, प्यायची बंदी. दोन्ही नियम त्यांनीच शिकवलेले. आणि अर्धं गाव त्यांच्या फिंजानाकडे बघत होतं.

शेवटी त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. गुणपत्रिकेच्या तळाशी सही केली. पेनाला टोपण घातलं. पाटी उलटी करून गादीवर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "परीक्षार्थी नापास. परीक्षा संपली."

गाव गोंधळून एकमेकांकडे बघायला लागलं.

"आणि परीक्षा संपलीय म्हटल्यावर," टायची गाठ सैल करत डॉक्टर रिफअत म्हणाले, "मी इथे पाहुणा आहे." त्यांनी फिंजान उचलला, "अल्लाह तुमचं घर भरलेलं ठेवो हाजी," म्हणाले आणि प्यायले. माणसाने आनंदाने डोळे मिटून प्यावं तसे प्यायले. वर्षानुवर्षं लोकांच्या घरी जाऊन काही न पिता परत येण्याची तहान असावी ती. दुसऱ्यांदाही भरून घेतला.

मग काय विचारता! बायकांनी जी आरोळी ठोकली ती पलीकडच्या डोंगरापर्यंत गेली असेल. कोणी मोठी हंडी आणायला धावलं, कोणी जमीद, म्हणजे वाळवलेलं दही, भिजत घातलं, बोकडाला बहुधा कुणकुण लागली, तो शेडवर चढून बसला. मिशअलचा नंबर कोणाकडे नव्हता. सगळे शपथेवर सांगत होते, आमच्याकडे नाही. आणि मग उम्म राकानने तो तोंडपाठ म्हणून दाखवला, तिच्या नवऱ्यानेही, आणि त्या डोकं धरलेल्या म्हाताऱ्यानेही. मिशअल कतरानाच्या ट्रकतळावर होता. निघतो म्हणाला आणि पुढे काही न बोलता फोन ठेवला.

डॉक्टर रिफअतना तफीलाला दुसऱ्या परीक्षेला जायचं होतं. गाडीत बसताना ते तहानीला म्हणाले, "तहानीबाई, माझा नाइलाज आहे."

"तुमचा नाही, माझा आहे," ती म्हणाली. गाडी निघून गेली.

ती आत येऊन बसली तेव्हा हाजी तिच्याशेजारी येऊन टेकला. हंड्यांच्या गोंधळात त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तहानीला राहवलं नाही. "हाजी, मला तुमच्या मुलाने नाही पाठवलं," ती म्हणाली. "कोणीच नाही पाठवलं. मी डब्याचं विचारायला आले होते."

"माहितीय की," हाजी म्हणाला.

"काय माहितीय?"

"तुझ्या पिशवीवर केंद्राचं नाव लिहिलंय एवढं मोठं. मला वाचता येतं. आणि कुठल्या जाहातला माणूस पाटी घेऊन गुण मांडतो गं?"

"मग तुम्ही बकऱ्या का देत होता?"

"अगं, पोराचं नाव एकदम कसं काढणार! लोक म्हणाले असते, म्हातारा टपूनच बसला होता." तो खाली बघून पायाचा अंगठा चोळत राहिला. "टपूनच बसलो होतो. रोज सकाळी कॉफी ताजी करायचो. कोणी यायचंच नाही. आज तू आलीस आणि फिंजान खाली ठेवलास. मी काय, डोळे मिटून घ्यायचे?" मग म्हणाला, "तो टायवाला काय म्हणाला तुला? नापास?"

"हो."

"कशात?"

"तुमची कॉफी प्यायले म्हणून."

हाजीने ज्या काही शिव्या दिल्या त्या इथे सांगत नाही. थंड देशाच्या सात पिढ्यांना पुरतील एवढ्या होत्या. पण शिव्या देऊन झाल्यावर त्यालाही कळलं, की आपलं घर भरलं ते या बाईचं गेलं म्हणून. "मग आता कुठे जाशील?" त्याने विचारलं.

"भावाकडे. आणखी कुठे जाणार?"

तिच्या डोक्यावर हात ठेवून तो तसाच बसून राहिला.

ऊन उतरलं तेव्हा ट्रकचा आवाज आला, पण ट्रक गल्लीच्या तोंडाशीच थांबला. कोणी उतरेना. रीत अशी, की जाहाच्या माणसाने स्वतः जाऊन त्याला हाताला धरून घरात आणायचं. मोठा तफीलाला गेलेला, म्हणजे राहिली तहानी. अख्खं गाव तिच्याकडे बघत होतं. ती उठली, हिजाब नीट केला आणि चालत ट्रकपाशी गेली.

स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून एक आडदांड माणूस बसला होता, दाढीत पांढरे केस आलेला. इंजीन चालूच होतं. त्याचा चेहरा इतका भेदरलेला होता, की तहानीला त्याची दया आली.

"तुम्ही कोण?" त्याने काच खाली करून विचारलं. "कोणाकडून आलात?"

केंद्राकडून, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं, की आपण आता केंद्राच्या नाही. भावाचं नाव सांगण्यात अर्थ नव्हता. या माणसासमोर ती कोणाकडूनच आलेली नव्हती. तिने मागे वळून बघितलं. अंगणाच्या दारात हाजी खलफ एका हाताने चौकट धरून उभा होता, पुढे येत नव्हता आणि आत जात नव्हता.

"तुमच्या वडिलांकडून," ती म्हणाली.

"त्यांनी पाठवलं?" मिशअलने विचारलं. "माझ्याकडे? त्यांनी?"

"हो."

त्याने इंजीन बंद केलं. मग त्या एवढ्या मोठ्या माणसाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हॉर्न वाजला, लांबलचक वाजत राहिला, तरी त्याला ते कळेना. शेवटी तहानीने दार उघडलं, त्याचा दंड धरला आणि त्याला खाली उतरवलं.